एसी मध्येच बंद पडतो, वर कोड दाखवतो: तुमचे प्रश्न

एप्रिल लागला की ह्या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन सगळं मागे पडतं आणि जो तो एसीचंच विचारतो. यंदा तर एकच तक्रार वेगवेगळ्या गावांतून आलीय, एसी चालू होतो, थोडा वेळ बरा चालतो आणि मग बंद, स्क्रीनवर कायतरी अक्षर आणि आकडा. बऱ्याच जणांनी तेवढंच लिहून पाठवलंय, "ई१ येतोय, उपाय सांगा". अहो, नुसत्या ई१ वरून मी काय सांगणार? एका कंपनीच्या एसीत ई१ म्हणजे आतलं युनिट आणि बाहेरचं युनिट यांचं बोलणं तुटलंय, दुसऱ्या कंपनीत तोच ई१ म्हणजे गॅसचं प्रेशर फार वर गेलंय. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर पैसे पाण्यात. आणि कोडमध्ये तक्रार कोणी नोंदवली तेवढंच असतं, चोर कोण ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून ज्यांनी वेळ, ऊन-पाऊस, आवाज कसा आला असं सगळं लिहिलंय त्यांचीच पत्रं ह्या वेळी घेतलीयत. कंपन्यांची नावं पत्रांतून काढून टाकलीयत, उगाच भांडणं नकोत.

प्रश्न: भाऊ, आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तीन वर्षांचा आहे. सकाळी अकरापर्यंत मस्त चालते, दुपारी दोनच्या पुढे आधी कूलिंग कमी होते मग कोड येऊन बंद पडते. रात्री नऊनंतर पुन्हा चालू केला की काहीच झालं नाही असा चालते. मेकॅनिक म्हणते गॅस कमी आहे, भरून घ्या. भरू का?
एक वाचक, मानेवाडा, नागपूर

नका भरू, निदान आत्ता तरी नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. रात्री चालतो, दुपारी बंद पडतो. गॅस खरंच कमी असता तर रात्रीसुद्धा कूलिंग रडत-कढत झालं असतं, आणि बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याचे दोन पाइप जोडलेत तिथल्या बारक्या पाइपच्या नटवर बर्फ जमताना दिसला असता. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

होतंय काय ते बघा. एसी घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकायला बाहेरची हवा गॅसपेक्षा थंड पाहिजे ना. एसीची क्षमता जी छापलेली असते ती बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेली असते, आणि स्टार रेटिंग काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ डिग्री एवढंच धरतात. नागपुरात मे महिन्यात ४५ म्हणजे नेहमीचंच, आणि ते झालं सावलीतलं. पश्चिमेच्या गॅलरीत, तापलेल्या भिंतीला चिकटून बसलेल्या युनिटच्या तोंडाशी हवा त्याहून बरीच गरम असते. मग गॅसचं प्रेशर चढत जातं, कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप शंभर डिग्रीच्या वर जातो, तिथे एक सेन्सर लावलेला असतो तो ओरडतो. इन्व्हर्टर एसी आधी स्वतःच स्पीड कमी करून बघतो, म्हणून तुम्हाला पहिल्यांदा कूलिंग कमी झाल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की बंद. म्हणजे एसी बिघडलेला नाहीये, तो कॉम्प्रेसर वाचवतोय. अशात वरून अजून गॅस कोंबला तर प्रेशर आणखी वाढणार आणि दोनला बंद पडणारा एसी एकलाच बंद पडणार.

आता करायचं काय. बाहेरचं युनिट कुठे बसवलंय ते तुम्ही लिहिलंच नाही, पण मला खात्री आहे की गॅलरीत असणार आणि गॅलरीला कबुतरांसाठी जाळी नाहीतर स्लायडिंग खिडकी. वर हिरवं नेट असेल तर विचारूच नका. पंख्याने फेकलेली गरम हवा समोर आपटून परत मागून आत ओढली जाते आणि तेच ते चक्र. एक साधी परीक्षा करा, ज्या दुपारी बंद पडतो त्याच दुपारी स्लायडिंग पूर्ण उघडा, नेट बाजूला करा, समोर ठेवलेली सायकल, कुंड्या, रद्दी सगळं हलवा आणि मग एसी किती वेळ टिकतो ते बघा. फरक पडला तर रोग सापडला. युनिटच्या मागे भिंतीपासून वीतभर आणि समोर दोन फूट तरी मोकळी जागा पाहिजेच.

दुसरं म्हणजे धुलाई. मेन एमसीबी बंद करा, युनिटच्या मागच्या बाजूला जी बारीक पत्र्यांची जाळी दिसते ना तिथे टॉर्च मारून बघा. विदर्भात ह्या दिवसांत काटेसावरीची बोंडं फुटतात आणि तो कापूस उडत येऊन थेट ह्या जाळीवर बसतो, वर कूलरच्या ताट्यांचा वाळलेला भुसा, धूळ, मग गोधडी पांघरल्यासारखा थर तयार होतो आणि बाहेरून बघितलं तर वाटतं युनिट स्वच्छ आहे. साध्या नळीने, हलक्या धारेने, वरून खाली धुवा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन लावू नका, ते पत्रे कागदासारखे वाकतात आणि मग हवा कायमचीच अडते. ज्या बाजूला वायरी आत जातात तिकडे पाणी मारायचं नाही. युनिट जर गॅलरीच्या बाहेर सज्जावर असेल तर हे काम माणसाला बोलवूनच करा, तिसऱ्या मजल्यावरून वाकून पाइप धरायचा नाही, कळलं ना.

एवढं करूनही पडला तर मेकॅनिकला सांगा की पंखा पूर्ण स्पीडने फिरतो का ते बघ. समोर हात धरला तर गरम हवेचा जोरदार झोत लागला पाहिजे, नुसती झुळूक लागत असेल तर पंख्याची मोटर थकलीय. आणि हो, १८ वर सेट करून ठेवत असाल तर दुपारपुरतं तरी २५-२६ करा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले एसी मुळात २४ वरच सुरू होतात ते काय उगाच नाही. १८ केल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला मिळत नाही. त्याच खोलीत कूलर लावायची सवय असेल तर तीही सोडा, कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी बिचारा तेच पाणी काढत बसतो.

प्रश्न: सर, पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवसापासून एसीवर कम्युनिकेशनचा एरर येतो. कधी पाच मिनिटांत येतो, कधी दोन तास चालून येतो. सर्व्हिसवाला म्हणाला आतलं आणि बाहेरचं दोन्ही पीसीबी बदलावे लागतील, आकडा ऐकून नवीनच घ्यावा असं वाटतंय.
एक वाचक, डोंबिवली पूर्व

थांबा थोडं. पीसीबी म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. "दोन्ही पीसीबी बदला" याचा सरळ अर्थ असा की त्याला कुठला गेलाय ते शोधायचं नाहीये.

हा एरर सगळ्या कंपन्यांत असतो, फक्त नाव वेगळं. डायकिनमध्ये यू४, एलजीत सीएच०५, पॅनासॉनिकमध्ये एच११, अर्थ एकच, आतल्या युनिटने हाक मारली आणि बाहेरून उत्तर आलं नाही. आता उत्तर न येण्याची कारणं किती असू शकतात बघा. बाहेरच्या युनिटला लाइटच पोचत नसेल. लाइट आहे पण तिथला फ्यूज उडालाय. दोन्ही ठीक आहे पण मधली वायर गंडलीय. आणि मग सगळ्यात शेवटी पीसीबी. आपल्याकडे उलट्या बाजूने सुरुवात होते कारण पीसीबीत मार्जिन आहे, वायरीत नाही.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये चार तारांची केबल असते, फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि चौथी सिग्नलची. पहिल्या तीन जरा ढिल्या असल्या तरी काम ओढून नेतात, सिग्नलची तार मात्र फार नाजूक स्वभावाची. एसी बसवताना बॉक्समधली केबल बहुतेक वेळा तीन मीटरच्या आसपासची असते, तुमची खिडकी आणि सज्जा यात अंतर जास्त निघालं की बसवणारा पोरगा तिथेच पिळा मारून, काळी टेप गुंडाळून दुसरी वायर जोडतो आणि सगळं पाइपच्या पांढऱ्या टेपच्या आत लपवतो. उन्हाळ्यात काही होत नाही. पाऊस आला, टेपच्या आत पाणी गेलं, तांबं हिरवं पडलं, झाला सुरू तुमचा एरर. कधी पाच मिनिटांत, कधी दोन तासांनी, हे जे तुम्ही लिहिलंय ते तर ओल्या जॉइंटचं अगदी नेहमीचं वागणं आहे. पूर्ण मेलेला पीसीबी असा लहर लागेल तसा दोन-दोन तास चालत नाही सहसा.

त्याला हे करायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा माणूस बोलवा. जुनी केबल दोन्हीकडून सोडायची, नवीन अखंड चार कोरची केबल खिडकीतून तशीच लोंबती ठेवून तात्पुरती जोडायची, आतला एक बाहेरच्या एकला, दोन दोनला, तीन तीनला, अदलाबदल नको. एसी चालवून बघायचा. दिवसभर एरर आला नाही तर दोन्ही पीसीबी ठणठणीत आहेत, फक्त केबल नीट फिरवून घ्या, मध्ये एकही जॉइंट न देता. हा सगळा खर्च पीसीबीच्या पुढे चिल्लर आहे.

नवीन केबलवरही एरर आला तर मग बाहेरचं झाकण उघडून बघू दे. आणि उघडल्यावर आधी पाल शोधायची! हसू नका, पावसाळ्यात पालींना ती उबदार, कोरडी पेटी फार आवडते, पीसीबीवर दोन पॉइंटवर पाय ठेवला की पालही जाते आणि फ्यूजही जातो. मुंग्यांचंही तसंच. नुसता फ्यूज किंवा एखादा पार्ट उडाला असेल तर पीसीबी रिपेअर करणारे चांगले लोक कल्याण-डोंबिवली पट्ट्यात आहेत, अख्खा बदलायची गरज नाही.

एक मात्र कडक सांगतो, घरात कोणी हौशी असेल त्याने बाहेरचं झाकण स्वतः उघडायचं नाही. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर मोठाले कपॅसिटर असतात, त्यात तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं आणि मेन बंद केल्यावरही ते काही मिनिटं तिथेच असतं.

प्रश्न: एरर आला की एमसीबी बंद-चालू केला तर एसी परत सुरू होतो. असं किती वेळा केलं तर चालतं?
नाशिकरोडहून एक गृहिणी

एकदा करा, ताई. व्होल्टेजचा झटका बसला, लाइट गेली-आली, यामुळे कधीकधी उगाच कोड येतो आणि तो एकदा रीसेट केल्यावर परत येत नाही. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आणि चालू केल्यावर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं सुरू होत नाही, तो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, तेवढ्यात "चालत नाहीये" म्हणून परत बटण दाबू नका. तोच कोड पुन्हा आला तर थांबा. प्रेशर किंवा करंटचा एरर असेल आणि तुम्ही दर वेळी खटका मारून त्याला परत पळायला लावत असाल तर साध्या दुरुस्तीचं काम कॉम्प्रेसरवर जाईल. आणि बंद करण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, मेकॅनिक येतो तेव्हा हा कोड नेमका गायब असतो आणि तो म्हणतो "मॅडम, चालतोय की". ज्या मॉडेलला स्क्रीन नाही त्यात दिवा ब्लिंक होतो, तो किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजायचं, तोच त्याचा कोड. व्हिडिओ काढलेला बरा.

प्रश्न: आमचं गाव लातूरपासून वीस किलोमीटर. संध्याकाळी सात ते दहा एसी दर पंधरा-वीस मिनिटाला बंद पडतोय, व्होल्टेजचा कोड दाखवतोय असं पुस्तकात आहे. दुकानदार म्हणला होता स्टॅबिलायझर लागत नाही. आता म्हणतोय घ्या. कुणाचं खरं राव?
एक शेतकरी वाचक

दुकानदाराचं दोन्ही वेळा अर्धं-अर्धं खरं. हल्लीच्या बऱ्याच इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही हे बरोबर, पण ते ठरावीक रेंजमध्ये. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात किमान आणि कमाल व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते आधी बघा. नियमाने घरगुती कनेक्शनला २३० व्होल्ट, त्यात सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला पाहिजे. गावाकडे संध्याकाळी काय मिळतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण स्टॅबिलायझरवर पैसे घालण्याआधी मोजा. आणि मोजायची पद्धत चुकते ती अशी की लोक एसी बंद असताना प्लगमध्ये मीटर घालतात, २२५ येतं, म्हणतात व्होल्टेज तर चांगलंय. एसी चालू असताना मोजायचं, तेही दोन ठिकाणी, एकदा घराच्या मीटरपाशी आणि एकदा एसीच्या पॉइंटवर. हे वायरमनकडून करून घ्या. मीटरपाशीच १७०-१८० मिळत असेल तर दुखणं बाहेरचं आहे, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त झालाय किंवा तुमचं घर लाइनच्या शेवटाला आहे. पण मीटरपाशी २१५ आणि एसीपाशी १९० असं निघालं तर महावितरणला शिव्या देऊन उपयोग नाही, घरातली वायर बारीक आहे. जुन्या घरात पंखा-दिव्याच्या वायरीवरच एसीचा पॉइंट काढलेला असतो. दीड टनाला मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी असायला हवा.

प्लग काढून त्याच्या पिना बघा. एक पिन तपकिरी पडलीय, शेजारचं प्लास्टिक किंचित वितळून फुगलंय, वास येतोय, असं असेल तर तिथेच तुमचं व्होल्टेज खाल्लं जातंय. सोळा अँपिअरचा नवा सॉकेट आणि नवा प्लग टाकायचा, जुन्या सॉकेटात नवा प्लग नाही. एक्स्टेंशन बोर्डावर एसी चालवत असाल तर हे वाचून झाल्या-झाल्या काढा.

मीटरपाशीच व्होल्टेज कमी असेल तर स्टॅबिलायझर घ्या, दीड टनाला चार केव्हीएचा, आणि किती खालपर्यंत चालतो ते बघून घ्या, कारण काही स्वस्तातले १७० च्या खाली हात वर करतात. सोबत १९१२ वर तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. आजूबाजूच्या चार-पाच घरांनी मिळून केली तर डीपीची दखल लवकर घेतली जाते, एकट्याचं कोण ऐकतो.

आणि एक धोक्याची खूण. एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला एकदम लख्ख, असं झालं तर तो कमी व्होल्टेजचा प्रकार नाही, न्यूट्रल ढिली झालीय. त्या वेळी व्होल्टेज तीनशेच्या पुढे जाऊ शकतं, तिथे स्टॅबिलायझर-बिबलायझर काही वाचवत नाही. मेन खाली ओढा आणि लाइनमनला बोलवा, टीव्ही फ्रिज सगळं वाचेल.

प्रश्न: एसी बंद करताना स्क्रीनवर "सीएल" येतं आणि पंखा बराच वेळ फिरत राहतो. मुलगा म्हणतो वायफायमधून व्हायरस आला असेल.
वाचक, सांगली

मुलाला अभ्यासाला बसवा. बऱ्याच मॉडेलमध्ये सीएल म्हणजे क्लीन, एसी आतली कॉइल वाळवतोय, म्हणजे बुरशी येऊन कुबट वास यायला नको. झालं की आपोआप बंद होतो. हिवाळ्यात हीटिंग लावलं आणि "डीएफ" आलं तर तोही एरर नाही, बाहेरच्या कॉइलवरचं दव-बर्फ वितळवणं चालू असतं. पुस्तकात एकदा बघून घ्या, रिमोटवर चुकून दाबलेलं बटणही असू शकतं.

प्रश्न: दादा, एसी सहा वर्षांचा. दर वर्षी गॅस भरतो, दर वर्षी पुढच्या मार्चात कमी गॅसचा एरर. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गॅस दर वर्षी संपतोच का?
एक वाचक, रत्नागिरी

संपत नाही. हे एकदा सगळ्यांनी डोक्यात पक्कं करा की एसीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो खर्च होत नाही, बंद पाइपात गोल गोल फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळतोय, आणि "सर्व्हिसिंगबरोबर गॅस टॉप-अप" म्हणून जे दर वर्षी गळ्यात मारलं जातं ते बहुतेक वेळा एकतर गरज नसताना असतं नाहीतर भोक तसंच ठेवून असतं. तुमच्या बाबतीत दुसरं.

समुद्रकाठी खारी हवा बाहेरच्या कॉइलला खाते. कॉइलमध्ये नळी तांब्याची आणि पत्रे ॲल्युमिनियमचे, दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचा ओलावा, मग ॲल्युमिनियम पिठासारखं झडायला लागतं. बोट फिरवून बघा, पांढरी पूड हाताला लागेल. पुढे पुढे नळीच्या वळणांवर बारीक छिद्रं पडतात, डोळ्याला न दिसणारी, आणि गॅस महिनोन्‌महिने सुळसुळ करत जातो. गळतीची दुसरी आवडती जागा म्हणजे पाइप जोडलेले नट, तिथे तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली की समजायचं इथून जातोय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. (हे फक्त कोकणातच असं नाही बरं का. मुंबई-ठाण्यात नाल्याकाठच्या बिल्डिंगमध्ये समुद्र नसतानाही कॉइल फुटतात, नाल्यातून जो सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस येतो तो तांबं काळं करून टाकतो. पाइप काळे पडले असतील तर तोच गुन्हेगार.)

ह्या वेळी काम असं करून घ्या. उरलेला गॅस काढून सिस्टिममध्ये नायट्रोजन प्रेशरने भरायचा, गेज लावून काही तास तसंच ठेवायचं, काटा खाली आला की गळती नक्की. मग साबणाचा फेस लावत लावत जागा शोधायची. नट असेल तर फ्लेअर (पाइपचं पसरट केलेलं तोंड) नव्याने करून बसवायचा, कॉइल एखाद्याच ठिकाणी फुटली असेल तर वेल्डिंग होतं, पण चाळणी झाली असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, एक जागा बुजवली की शेजारची सुटते, कॉइलच बदला. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास तरी पाइपातली हवा आणि ओल काढायची, आणि शेवटी गॅस वजन करून भरायचा. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. वजनकाटा न आणता नुसतं प्रेशर बघून, हाताला गार लागलं की "बस झाला" म्हणणारा माणूस असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

स्टिकरवर गॅस आर-३२ असेल तर आणखी एक. तो गॅस सौम्य का होईना पण पेट घेतो, काहींमध्ये आर-२९० असतो तो तर सरळ प्रोपेन. गॅस पूर्ण काढून, नायट्रोजन मारल्याशिवाय पाइपला ज्योत लावू द्यायची नाही, खिडक्या उघड्या, बिडी-सिगरेट बंद. जुना आर-२२ चा एसी असेल तर त्यात आर-३२ "चालतो हो" म्हणून भरू देऊ नका, नाही चालत. काम झाल्यावर बिलावर गळती कुठे होती, किती ग्रॅम भरला हे लिहून घ्या, म्हणजे पुढच्या मार्चात परत एरर आला तर बोलायला तोंड राहतं. आणि बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा, विहिरीचं पाणी खारट असेल तर ते नको. ॲसिडवाली लिक्विडं तर अजिबात नकोत, ती मळाबरोबर कॉइलही नेतात.

प्रश्न: सेन्सरचा एरर आहे असं पुस्तक म्हणतं, पीसीबी गेला असं इंजिनिअर म्हणतो. वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली, हा योगायोग फारच वक्तशीर आहे. पुस्तकावर विश्वास ठेवावा की माणसावर?
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

मीटरवर ठेवा. सेन्सर म्हणजे तांब्याच्या टोपीतला किंवा काळ्या मण्यातला, तापमान ओळखणारा छोटा थर्मिस्टर, दोन तारा आणि एक पिन, एसीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. पीसीबीवरून त्याची पिन काढून मल्टिमीटर ओहमवर लावायचा. बऱ्याच एसीत २५ डिग्रीला पाच किंवा दहा किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मग तोच मणी मुठीत धरायचा, आकडा हळूहळू खाली आला पाहिजे. नुसतं ओपन दाखवत असेल, शॉर्ट असेल किंवा आकडा हललाच नाही तर सेन्सर मेला, बदला, पाच मिनिटांचं काम. मुठीत धरून आकडा व्यवस्थित उतरतोय, नवा सेन्सर लावला तरी तोच कोड, पिनेच्या खाचेत गंज नाही, तेव्हाच पीसीबीकडे बोट दाखवायचं. हे तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखव म्हणा, पुणेकराला कोणी नाही म्हणत नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर बिल आणि कार्ड परत एकदा वाचा, नीट, बारीक अक्षरांसकट. पूर्ण एसीची, पीसीबीची आणि कॉम्प्रेसरची मुदत वेगवेगळी असते आणि कॉम्प्रेसरची दहा वर्षं ऐकून आपण बाकीचं वाचतच नाही. पीसीबीला पाच वर्षं देणारे पुष्कळ आहेत, कदाचित तुमचा अजून वॉरंटीत असेल. तक्रार मुदत संपायच्या आधी नोंदवलेली असेल तर तो मेसेज जपून ठेवा, दुरुस्ती नंतर झाली म्हणून हक्क जात नाही असं ठामपणे सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. बिलावरचा, वॉरंटी कार्डवरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच लावा. खोटे नंबर टाकून बसलेली मंडळी आधी "पाच रुपये रजिस्ट्रेशन" म्हणून लिंक पाठवतात आणि मग खातं रिकामं. आणि पीसीबी खरंच बदलायची वेळ आली तर जुना पीसीबी स्वतःकडे मागून घ्या, वॉरंटीबाहेरच्या दुरुस्तीत पैसे तुम्ही मोजलेत तर जुनी वस्तू तुमची. तो घेऊन तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेत, जिथे तुमच्या ओळखीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल त्याला दाखवा. पीसीबी चांगला निघाला तर कंपनीला लेखी पत्र टाका आणि त्याची एक प्रत मलाही पाठवा, पुढच्या अंकात उत्तरासकट छापतो.